लोडरची खांदेमळणी

ग्रीस या विषयावर मी सतरा वर्षं वर्गात बोललो, आणि पहिल्यांदा ग्रीसगन हातात घेतली तेव्हा ती भलत्याच टोकानं धरली. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढं जे येणार आहे त्यात माझीच शोभा आहे, तेव्हा वाचणाऱ्यानं माझ्याकडून फार अपेक्षा ठेवू नयेत.

बारामतीत एका तंत्रनिकेतनात मी यंत्र शाखेला शिकवतो. वंगणाचं प्रकरण पहिल्यापासून माझ्याकडं. फळ्यावर पिन काढायची, तिच्याभोवती बुश, म्हणजे आखूड लोखंडी नळी, काढायची, दोन्हींच्या मधे पिवळ्या खडूनं ग्रीसचा थर रंगवायचा आणि म्हणायचं, हा थर आहे तोवर लोखंडाला लोखंड लागत नाही. पोरं उतरून घेतात. मीही कधीतरी कुणाच्या तरी फळ्यावरून असंच उतरून घेतलं होतं.

राहायला मी पणदऱ्यात, शेतावर. तिथं आमच्या बारा गाई आहेत, म्हणजे सौ.च्या आहेत, मी फक्त त्यांच्याबद्दल बोलतो. शेण ओढायला आणि मुरघासाच्या, म्हणजे हिरवा चारा दाबून टिकवायच्या, खड्ड्यात मक्याची कुट्टी भरायला माणसं मिळेनात, म्हणून आम्ही ट्रॅक्टरला पुढं लोडर बसवून घेतला. दोन जाड लोखंडी हात, त्यांच्या टोकाला बकेट, आणि जिथं जिथं हात वाकतो तिथं तिथं पिन. प्रत्येक पिनेला ग्रीस आत सोडायला एक बारकं निप्पल. अशी सोळा निप्पलं. लोडर आला त्याच दिवशी मी मोठ्या ऐटीत ग्रीसची बादली आणली. लालभडक. ट्रॅक्टर लाल, म्हणून ग्रीस लाल. ग्रीसच्या रंगावरून काही कळत नाही, हे वाक्य मी दरवर्षी मुलांना अधोरेखित करायला लावतो.

लोडरचा आवाज ऐकून शेजारच्या वस्तीवरचे आबा न बोलावता आले. आबा म्हणजे साखर कारखान्यात मिलवर ऑइलमन म्हणून उभी हयात काढलेला, निवृत्त झालेला, काटकुळा माणूस. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं. मीही म्हणायचो, पण जरा वरून. मी शिकलेला होतो ना!

त्यांनी बादलीचं झाकण काढलं, करंगळीवर ग्रीस घेतलं, अंगठ्यानं चोळलं, वास घेतला, दोन बोटं फाकवून तार धरतं का ते पाहिलं. मग तेच बोट गोठ्यातल्या नळाखाली धरलं. ग्रीस पांढुरकं होऊन सुटायला लागलं.

"हे पंख्याला घाला," ते म्हणाले. "लोडरला काळं लागतं."

बरोबर होतं त्यांचं. पिन हळू फिरते, पूर्ण फिरतही नाही, नुसती हलते, आणि वर भरल्या बकेटीचा भार धक्के देत असतो. अशा जागी साधं ग्रीस बाजूला सरकतं. मॉलीचं, म्हणजे मॉलिब्डेनम मिसळलेलं, काळपट ग्रीस लागतं, जे दाबाखालीही लोखंडाला चिकटून राहतं. माझ्या प्रश्नपत्रिकेत हा चार मार्कांचा प्रश्न असतो. त्यात मी स्वतः नापास झालो होतो, तेही बादलीभर.

दुसऱ्या दिवशी आबा माझ्या मोटरसायकलवर मागं बसून बारामतीला आले. दुकानदाराला त्यांनी तीन डबे फोडायला लावले. दुकानदार चिडला, मी लाजलो, आबा शांतपणे करंगळी पुसत राहिले. चौथ्या डब्याला त्यांनी मान हलवली. घरी येऊन त्यांनी सोळाही निप्पलांतून मी आदल्या दिवशी मारलेलं लाल ग्रीस पूर्ण बाहेर पडेपर्यंत काळं आत दाबलं. दोन जातीचं ग्रीस एकमेकांत मिसळलं तर त्याचं पाणी होतं, म्हणाले. अर्धा दिवस गेला. मी खुर्ची टाकून बघत होतो आणि मधेमधे त्यांना शास्त्रीय कारणं सांगत होतो.

आबांच्या कामाची रीत ठरलेली. बकेट जमिनीला टेकवायची, म्हणजे पिनेवरचा भार उतरतो. इंजिन बंद. चावी काढून टोपीत. मग प्रत्येक निप्पलाचं तोंड जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसायचं, जेवणाआधी लेकराचं तोंड पुसावं तसं. गन लावायची आणि तिचा दांडा मारत राहायचं. किती दांडे, हे त्यांनी कधी मोजलं नाही. पिनेच्या कडेनं जुनं, मळकं ग्रीस बाहेर येतं, मग त्याच्यामागं नवं, चकचकीत दिसतं. ते दिसल्याशिवाय हात उचलायचा नाही. एवढाच त्यांचा नियम, पण तो पाळताना पाऊस येवो की पाहुणा येवो, त्यांना फरक पडायचा नाही.

काम चालू असताना ते बोलत नसत. आपण विचारलेले प्रश्न मात्र मनात नीट लावून ठेवत. एकदा मी त्यांना तीन गोष्टी विचारल्या: चहा घेणार का, हा बुश अजून किती चालेल, आणि पावसात ग्रीस मारलेलं चालतं का. पाऊण तासानं गन खाली ठेवून ते म्हणाले, "पयल्याचं व्हय. दुसऱ्याचं मला ठावं न्हाय. तिसऱ्याचं, पुसून मारलं तर चालतं." तोवर चहा गार झाला होता आणि प्रश्न मी विसरलो होतो.

कोऱ्हाळ्याच्या एका लग्नात तर त्यांनी कहरच केला. पंगतीत आम्ही शेजारी बसलो होतो. जिलेबी वाढायला आली आणि आबा उठले. मांडवातला उभा पंखा कुरकुरत होता. त्यांनी पंखा बंद केला, जाळी काढली, खिशातल्या डबीतून बोटभर ग्रीस काढून आत भरलं, आणि हात धुऊन परत पंगतीत बसले. त्या दहा मिनिटांत नवरदेवाचे मामा घामानं भिजून गेले. डबीचं विचारलं तर म्हणाले, लग्नाला येताना माणूस रुमाल घेतोच की, तसंच हे.

या माणसाकडं मिरवण्यासारखं एकच होतं. जमीन थोडी, घर साधं, मुलगी इंदापुरात दिलेली. पण दूध घालायला डेअरीवर गेले की कुणीतरी विषय काढायचंच आणि आबा तेच वाक्य बोलायचे: "माझ्या हाताखाली एक बी पिन कोरडी मेली न्हाय." कारखान्यात नाही, गावात नाही. हे सगळ्यांना मान्य होतं. आजूबाजूच्या वस्त्यांवरचे ट्रॅक्टर, कुट्टी मशीन, पाण्याच्या मोटारी, सगळ्यांना आबांचाच हात लागायचा. त्या वाक्यावर हा माणूस जगत होता म्हटलं तरी चालेल.

ते वाक्य मी मोडलं. कसं ते सांगतो.

पोळा आला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी करतात; जू वाहून दमलेले खांदे हळद-तुपानं चोळतात. आमच्याकडं बैल नाही. पण आबांचं म्हणणं, भार वाहतो त्याचा खांदा मळायचा, मग तो कातड्याचा असो की लोखंडाचा. त्यामुळं दरवर्षी त्या संध्याकाळी ते लोडरला ग्रीस मारत. लोडरचे दोन्ही हात ट्रॅक्टरच्या बाजूला जिथं जोडलेले असतात त्या जागेला ते खांदाच म्हणत. डावा खांदा, उजवा खांदा. मला ही कल्पना इतकी आवडली की मी ती कॉलेजात सांगत सुटलो, आणि त्या वर्षी प्राचार्यांसकट आठ जणांना पुरणपोळीला आणि खांदेमळणी बघायला बोलावून बसलो.

आता पाहुणे येणार म्हटल्यावर लोडर सजायला हवा. सकाळी मी ब्रश घेऊन बसलो. बैलांची शिंगं रंगवतात तसे लोडरचे हात हिंगुळी लाल केले. शिंगांच्या टोकांना पितळी शेंब्या घालतात ना, तशा लोडरला कुठं घालाव्यात, असा मला प्रश्न पडला. आणि मग उत्तर सापडलं. सोळा निप्पलं! सोनेरी ऑइलपेंटचा एकेक ठिपका मी प्रत्येक निप्पलावर इतका नेटका दिला की फोटो काढून मी तो कॉलेजच्या ग्रुपवर टाकला. निप्पलाच्या तोंडाशी एक बारकी गोळी असते, मागं स्प्रिंग असते, ग्रीसच्या दाबानं ती गोळी मागं सरकते तेव्हा वाट मोकळी होते. हेही मी शिकवतो. छेद काढून दाखवतो.

संध्याकाळी आबा आले, सोनं बघितलं. नखानं एकेक ठिपका खरवडत त्यांनी काम सुरू केलं. पंधरा झाली. डाव्या खांद्याच्या निप्पलाला दांडा दबेना. ग्रीस आत न जाता गनच्या तोंडाभोवतूनच मागं यायला लागलं. आबांनी माझ्याकडं बघून पाना मागितला; त्यांना निप्पल काढून बघायचं होतं. आत पोळ्या तव्यावर, बाहेर प्राचार्य घड्याळ बघतायत. मी मोठ्यानं, म्हणजे पाहुण्यांना ऐकू जाईल असं, म्हणालो की आबा, कंपनीच्या पुस्तकात एका निप्पलाला चार-पाच दांडे पुरेत असं दिलंय, झालं की आता, चला जेवायला. आणि त्यांच्या दंडाला धरून उठवलं. ते उठले. हात धुताना मला म्हणाले, "एक ऱ्हायलीय. उद्या येतो."

उद्या लोडर घरी नव्हता. मक्याचा हंगाम, ज्याच्या त्याच्या मुरघासाची घाई. लोडर घेऊन मीच या वस्तीवरून त्या वस्तीवर फिरत होतो. कॉलेजातून रजा काढून, गॉगल लावून. आबा दोनदा घरी येऊन गेले, मग त्यांनी फोन केला. मी सांगितलं, काळजी करू नका, मीच मारतोय रोज. त्यांनी विचारलं, डाव्या खांद्याचं बाहेर आलं का? मी म्हणालो, आलं की, भरपूर आलं.

खोटं नव्हतं ते. भरपूर येत होतं, पण पिनेच्या कडेनं नाही, गनच्या तोंडाभोवतून. मला कुठं कळत होतं! मी पाच दांडे मोजायचो, ग्रीस बाहेर आलेलं बघून समाधान मानायचो, आणि संध्याकाळी लाल-सोनेरी रंग उठून दिसावा म्हणून प्रेशरच्या पाण्यानं लोडर धुवायचो. त्या पाण्यानं डाव्या खांद्यातलं उरलंसुरलं जुनं ग्रीसही निघून जात होतं.

तिसऱ्या आठवड्यात कोऱ्हाळ्याला एका बागायतदाराच्या खड्ड्यावर काम चालू असताना डावा खांदा किंचाळला. दुसरा शब्द नाही. मी तरीही बकेट वर घेतली. पिन बुशात घट्ट अडकून बसली होती. ती बुशासकट फिरली, पिन धरणारा लोखंडी कान फाटला, डावा हात खाली बसला आणि भरलेली बकेट तिरकी होऊन आपटली. माणसं लांब होती म्हणून निभावलं. निम्मा खड्डा उघडा, कुट्टी तापून खराब व्हायला लागलेली, दहा-बारा लोक गोळा झालेले. बागायतदारानं सरळ विचारलं, ह्याला ग्रीस कोण मारतं?

सगळे माझ्याकडं बघत होते. मी यंत्र शाखेचा अधिव्याख्याता.

"आबा," मी म्हणालो.

एवढंच बोललो. पुढं एक अक्षर नाही. आजही तो प्रसंग आठवला की मला माझी किळस येते. स्पष्टच सांगतो. मी खोटारडा नाही, भित्रा आहे. पण त्या दिवशी दोन्हींत काही फरक उरला नाही.

मी घरी पोचायच्या आत ती बातमी डेअरीवर पोचली. चार दिवसांत लोकांनी आबांना गाठून चेष्टा सुरू केली. आबा, वय झालं, आता दिसत न्हाय का तुमाला? आबा, मास्तराचा लोडर मारलात की. कुट्टी मशीनवाल्यानं दुसरा माणूस बघितला. आबांनी कुणालाही उत्तर दिलं नाही. माझ्याकडं येऊन त्यांनी जाबही विचारला नाही. त्यांनी येऊन दोन शिव्या दिल्या असत्या तर मी वाचलो असतो.

लोडर वर्कशॉपला नेला. मेकॅनिकनं डाव्या खांद्याचं निप्पल काढलं, उजेडात धरलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. गोळीभोवती सोनेरी रंग वाळून दगड झाला होता. मेकॅनिक हसला. म्हणाला, सर, हे कुठल्या शहाण्यानं केलं? मी म्हणालो, बघतो.

ते निप्पल आठ दिवस माझ्या खिशात होतं. आठ दिवस मी कारणं शोधत होतो. रंगाच्या कंपनीला दोष देऊन पाहिला, निप्पल बनवणाऱ्याला देऊन पाहिला. एकदा तर पोळ्याच्या प्रथेवरच थोडा चिंतनात्मक विचार करून पाहिला. शेवटी पँट धुवायला टाकताना ते सौ.च्या हाती लागलं. ती शिकवत नाही, त्यामुळं तिला चटकन कळतं. तिनं निप्पल टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "रंग तुमीच दिला हुता. सकाळी डेअरीवर सगळी असत्यात. कॅन घेऊन तुमी जावा."

मी गेलो. रात्रभर भाषण तयार केलं होतं. रांगेत वीसेक माणसं, आबा पुढून तिसरे. मी घसा खाकरून सुरुवात केली की ग्रीस निप्पलाच्या तोंडाशी एक गोळी असते, तिच्यामागं स्प्रिंग असते, आणि दाब आला की... मागून कुणीतरी म्हणालं, मास्तर, आधी दूध ओता, लोक खोळंबल्यात. फॅट काढायचं मशीन मधेच वाजलं. माझं भाषण तिथंच गळालं. मग मी साधं बोललो. म्हणालो, आबांची चूक नव्हती. मी निप्पलावर रंग मारला, मी पाना दिला नाही, ग्रीस बाहेर आलं असं फोनवर मीच सांगितलं, आणि कोऱ्हाळ्याला नाव मात्र त्यांचं घेतलं. आणि निप्पल सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

रांगेतली माणसं ते बघायला पुढं वाकली. मला खरं सांगायचं तर बरं वाटलं. वाटलं, दिलं बुवा आपण ह्यांचं नाव परत. आता आबा हसतील, पाठीवर हात ठेवतील. मनातल्या मनात मी माझ्या प्रामाणिकपणाचं थोडं कौतुकही करून घेतलं.

आबा रांगेतून बाहेर आले. निप्पल हातात घेऊन त्यांनी बघितलं, परत दिलं.

"निम्मं सांगितलंत मास्तर," ते म्हणाले. "रंग तुमचा, खरं हाय. पर नवं ग्रीस बघितल्याबिगर हात मी उचलला. तुमी धरून उठवलं म्हून काय झालं, मी काय ल्हान हुतो? जेवाया बसलो. पोळी ग्वाड लागली. अन् फोनवर इचारून पिन कळती व्हय? तुमची चूक तुमी घ्या. माझी मला ऱ्हाऊ द्या."

आणि दूध घालून निघून गेले.

त्यानंतर लोकांनी चेष्टा बंद केली. कुट्टी मशीनवाला स्वतः त्यांच्या दारात जाऊन आला. पण आबांनी पुन्हा ग्रीसगन हातात घेतली नाही. माझ्याच नाही, कुणाच्याच यंत्रासाठी नाही. मी तीनदा घरी गेलो, हात जोडले. तिसऱ्या खेपेला म्हणाले, येऊन बसेन, धरणार न्हाय. डेअरीवर कुणी जुना विषय काढला तर ते आता सांगतात, एक मेली म्हणून. कुठली, ते सांगत नाहीत.

म्हणून रविवारी मीच मारतो. सोळाही. बकेट टेकवतो, चावी काढतो, फडकं फिरवतो. गोठ्याच्या कट्ट्यावर आबा बसलेले असतात. गावात आता म्हणतात की मास्तराचा हात बरा बसलाय, आणि दोघंतिघं आपापले ट्रॅक्टर घेऊन येतातही. असलं कौतुक ऐकलं की मला कुठं तोंड लपवावं कळत नाही.

परवाच्या रविवारी डाव्या खांद्याला दांडा जड लागत होता. आत जात होतं, पण पंचवीस-तीस दांडे झाले तरी पिनेच्या कडेला काही दिसेना. सौ.नं पोह्यांसाठी दोनदा हाक मारली. घामानं चष्मा नाकावरून खाली आला होता. मी आबांकडं पाहिलं. 'पुरे' म्हणाले असते तर मी आनंदानं गन ठेवली असती. ते माझ्याकडं बघतही नव्हते, पिनेकडं बघत होते. मात्र त्यांची उजवी मूठ मांडीवर वळलेली होती आणि माझ्या प्रत्येक दांड्याबरोबर थोडी वर, थोडी खाली होत होती. मी मारत राहिलो.